मॅन पान असताना वही कशाला?

शुभदा मॅडम सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लिनक्सची लॅब सांभाळतात आणि मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतात. तन्मय त्यांचा जुना विद्यार्थी, आता पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर बघतो. दोघं भेटले की वाद ठरलेला. हल्ली तो एकाच मुद्द्याभोवती फिरतोय: टर्मिनलवर लागणाऱ्या कमांडांची स्वतःची टिपणं ठेवावीत की नाही. माउसनेच सगळं करणाऱ्याला हे भांडण फुकाचं वाटेल. पण काळ्या खिडकीत एकेक ओळ टाइप करून काम करणाऱ्यापुढे ना मेनू असतो, ना बटणं. चुकलं तर ‘नक्की ना?’ असं विचारणारंही बहुतेक वेळा कोणी नसतं. जे टाइप कराल ते होतं. मग नेमकं काय टाइप करायचं हे डोक्यात ठेवायचं, कागदावर, की मशीनवरच? मी दोघांच्या मध्ये बसून ऐकलं, राहवलं नाही तिथे तोंड घातलं. माझा कल आधीपासून तन्मयकडे होता. तो थोडा हलला, पण जागा सोडली नाही.

तन्मय: हे बघा मॅडम. चीट नावाचं हे टूल. ‘चीट टार’ टाइप केलं की टार या कमांडबद्दलची माझी टिपणं इथेच, टर्मिनलमध्ये येतात. ‘चीट -ई टार’ केलं की तीच फाइल एडिटरमध्ये उघडते. दुरुस्त करा, सेव्ह करा, परत कामाला लागा. लोकांनी मिळून लिहिलेली पानं एका फोल्डरमध्ये, फक्त वाचायला. माझी दुसऱ्यात. लोकांचं पान बदलायला गेलो तर त्याची प्रत आधी माझ्याकडे येते आणि ती उघडते. मूळ पानाला धक्का नाही.

मॅडम: छान आहे. आणि ‘मॅन टार’ टाइप केलं की काय होतं?

तन्मय: मॅन पान, म्हणजे मॅन्युअलमधलं टारचं पान उघडतं, पण...

मॅडम: थॉम्पसन आणि रिची यांनी युनिक्सचं मॅन्युअल पहिल्यांदा काढलं ते नोव्हेंबर १९७१ मध्ये. एकेका कमांडला एकेक पान, आणि पानाच्या शेवटाकडे ‘बग्ज’ असा मथळा. आपल्या वस्तूत काय बिघडतं ते बनवणारेच लिहून देतायत. असा प्रामाणिकपणा मिक्सरच्या माहितीपत्रकात तरी बघितलायस का? पन्नास वर्षं ही सोय एका कमांडच्या अंतरावर आहे आणि तुला वेगळी वही हवी.

तन्मय: आरसिंकचं पान उघडा आणि मला सांगा, मॅनेजर खुर्चीमागे उभा असताना त्यात मी काय शोधू? ऑप्शनांची यादी संपता संपत नाही.

मॅडम: वरून खाली वाचतं कोण? स्लॅश दाब, ‘एक्स्क्लूड’ लिही, एंटर. पुढच्या जागी जायला ‘एन’. कमांडचं नावच आठवत नसेल तर ‘मॅन -के’ आणि एखादा शब्द. लॅबच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी मुलांकडून फक्त एवढंच करून घेते. ज्याला हे जमलं त्याला वही लागत नाही.

तन्मय: मला लागते. मॅन पानात प्रत्येक ऑप्शन सुटा सुटा सांगितलेला असतो. माझ्या कामाला चार एकत्र लागतात, त्यांची सांगड तिथे नसते. म्हणून तर लोकांनी टीएलडीआर पानं काढली, नुसती पाच-सात उदाहरणं, पाल्हाळ नाही.

मॅडम: मग ती वापर. लोकांनी लिहिलीयत, लोक दुरुस्त करतात. तुझी स्वतःची कशाला?

तन्मय: कारण मी कुठे अडतो ते लोकांना माहीत नाही. टारचं ‘-एक्सझेडएफ’ मला झोपेतही येतं, पण ‘एलएन -एस’मध्ये मूळ फाइल आधी की लिंकचं नाव आधी, ते दर वेळी चुकतं.

मॅडम: त्यात चुकण्यासारखं काय आहे? ‘सीपी’सारखंच. जे आहे ते आधी, जे होणार ते नंतर.

तन्मय: तुम्हाला चुकण्यासारखं नाही, मला आहे. म्हणून माझ्या फायलीत ‘टार’ जवळजवळ नाहीच आणि ‘एलएन’ला अख्खं पान. तुम्ही आत्ता जे वाक्य म्हणालात ना, तेही आता त्यात जाणार.

इथे मॅडम हसल्या, पण मुद्दा सोडला नाही. तन्मयचं बोलणं मला महत्त्वाचं वाटलं. सगळ्यांसाठी लिहिलेलं पान कमांड काय करते ते सांगतं. स्वतःचं टिपण आपण कुठे अडखळतो ते सांगतं. त्यामुळे दुसऱ्याची टिपणं आयती उचलली की ती जड आणि निरुपयोगी वाटतात. ज्या जागी तो अडला तिथे आपण अडलेलोच नसतो.

मॅडम: बरं, मला एक टिपण दाखव. तुला सगळ्यात भारी वाटतं ते.

तन्मय: हे घ्या. जुन्या लॉग फायली उडवायचं. ‘फाइंड . -नेम "*.लॉग" -एमटाइम +30 -डिलीट’.

मॅडम: हीच ओळ मी दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि मुलांना विचारते, ‘-डिलीट’ उचलून पुढे, टिंबाच्या लगेच नंतर ठेवलं तर? निम्मी मुलं म्हणतात, ऑप्शनच आहे, कुठेही ठेवा. फाइंड ही ओळ डावीकडून उजवीकडे, एकेक अट तपासत वाचतो. ‘-डिलीट’ आधी आलं की नाव आणि तारीख तपासायच्या आतच तो उडवायला लागतो. मग लॉग फायलीच काय, त्या फोल्डरखालचं सगळंच जातं. मॅन पानात हा इशारा स्पष्ट दिलेला आहे. वहीतून ओळ उचलणाऱ्याला तो दिसत नाही. आणि ‘+30’ म्हणजे किती दिवस?

तन्मय: तीसपेक्षा जास्त... म्हणजे एकतीस. चोवीस तासांचे पूर्ण तुकडे मोजतो, उरलेले तास सोडून देतो. त्यामुळे साडेतीस दिवसांची फाइल सुटते. मॅडम, खालच्या ओळी वाचा ना.

खालच्या ओळी मीच वाचून दाखवल्या. तन्मयने मराठीत लिहिलं होतं: ‘-डिलीट सगळ्यात शेवटी. त्याच्या जागी आधी -प्रिंट ठेवून यादी बघ. यादी पटली तरच. +30 म्हणजे ३१ दिवस पूर्ण झालेल्या.’

मॅडम: हं. हे कुठून आलं?

तन्मय: मॅन पानातून.

मॅडम: म्हणजे आधी वाचलंस, मग लिहिलंस. त्याला माझी ना नाही. माझा राग चिकटवलेल्या टिपणांवर आहे. मुलं कुठून तरी ओळ उचलतात, ‘चालली’ म्हणून वहीत टाकतात. का चालली ते त्या ओळीला माहीत नसतं आणि त्यांनाही. शिवाय वही जपून ठेवतात कुठे, तर स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये नाही तर वर्डच्या फायलीत. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो, दोन डॅश जोडून एक लांब रेघ काढतो. ती ओळ टर्मिनलवर चिकटवली की एरर. आणि मग म्हणतात, ‘मॅडम, काल चालत होतं.’

तन्मय: ते खरंय. माझी सगळी साध्या टेक्स्ट फायलींत आहेत. वर्डमध्ये कमांड ठेवणाऱ्याला मी मित्र मानत नाही.

मॅडम: आणि हिस्टरी? कंट्रोल-आर दाबून जुनी कमांड सापडते की. वहीचा खटाटोप कशाला?

तन्मय: सापडते, पण हिस्टरीत जमलेली एक आणि तिच्या आधीच्या सहा चुकलेल्या, सगळ्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात. कुठली चालली होती ते तिथे लिहिलेलं नसतं. बॅश मुळात शेवटच्या ५०० कमांडच लक्षात ठेवतो. आकडा वाढवता येतो, पण आकडा वाढला की कचराही वाढतो. आणि वर्षातून दोनदा लागणारी कमांड नेमकी वाहून गेलेली असते.

मॅडम: तुझ्या टिपणांत पासवर्ड नाहीत ना?

तन्मय: नाहीत. हिस्टरीतही जाऊ देत नाही. हिस्टकंट्रोलचं सेटिंग तसं केलंय. कमांडच्या आधी एक मोकळी जागा सोडली की ती हिस्टरीत जात नाही. टिपणात बदलायच्या जागी मी ‘इथे_सर्व्हरचं_नाव’ असं काहीतरी लिहितो. आधी लोकांसारखे टोकदार कंस वापरायचो. मग लक्षात आलं की न बदलता चिकटवलं तर शेलला ते कंस वाटतच नाहीत. डावा कंस म्हणजे या फायलीतून वाच, उजवा म्हणजे त्या फायलीत लिही. नशीब वाईट असेल तर एखादी फाइल रिकामी होऊन बसते.

मॅडम: हे मात्र मी मुलांना सांगायला हवं.

(इथे माझं थोडं. मी मराठी मजकुराच्या फायली सांभाळतो आणि टिपणं मराठीत ठेवायची म्हणजे शोधायचीही मराठीत. एकदा ‘दुसऱ्या’ हा शब्द ग्रेपने शोधत होतो. फाइल उघडली की शब्द डोळ्यांना दिसतो, ग्रेपला सापडत नाही. कारण त्यातला ‘ऱ’ युनिकोडात एक अक्षर म्हणून लिहिता येतो, ‘र’ला नुक्ता जोडून लिहिता येतो, आणि काही कीबोर्ड पाय मोडलेला ‘र’ आणि एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून तो काढतात. पडद्यावर तिन्ही सारखे. ग्रेप ते एक मानत नाही. तेव्हापासून टिपणाच्या मथळ्यात मी ‘ऱ’ असलेला शब्दच वापरत नाही. तन्मयला हे सांगितल्यावर त्याने ताबडतोब आपल्या फायलीत ‘दुसऱ्या’ शोधला आणि चेहरा पाडला.)

मॅडम: आता माझा खरा मुद्दा ऐक. टिपण लिहिलं की ते त्या दिवशी गोठतं. मशीन गोठत नाही. तुझ्या फायलीत ‘नेटस्टॅट’ आहे?

तन्मय: आहे.

मॅडम: ‘आयएफकॉन्फिग’?

तन्मय: ...आहे.

मॅडम: आता बऱ्याच नव्या लिनक्सवर त्या दोन्ही आपसूक मिळतही नाहीत. ‘एसएस’ आणि ‘आयपी’ वापरायचं. ‘सर्व्हिस अमुक रीस्टार्ट’ लिहून ठेवलेल्यांचं काय झालं? २०१४ ला रेड हॅट ७ आलं, २०१५ ला डेबियन ८, दोघांनीही सिस्टिमडी घेतलं आणि ‘सिस्टिमसीटीएल’ आलं. बदल झाला तरी टिपण गप्प. मॅन पान सॉफ्टवेअरबरोबर येतं, त्याच्याबरोबर बदलतं. तू ज्या मशीनपुढे बसलायस त्याच मशीनचं पान ते. तुझी वही कुठल्या मशीनची आहे?

तन्मय: हा घाव बसला. मी कंपनीत आलो तेव्हा लॅपटॉप मॅक मिळाला. लॅबमधली ‘सेड -आय’ची टिपणं तशीच घेऊन गेलो. लिनक्सवर ‘-आय’पुढे काही न देता चालतं. मॅकवरचा सेड तिथे बॅकअपसाठी एक्स्टेन्शन मागतो, नको असेल तरी रिकामी अवतरणचिन्हं द्यावी लागतात. नाही दिली तर तुमची बदलाची सूचनाच तो एक्स्टेन्शन समजतो आणि फाइलचं नाव सूचना समजून वाचायला जातो. एरर असा येतो की काही बोध होऊ नये.

मॅडम: तारखेचंही तेच.

तन्मय: हो, कालची तारीख इथे ‘डेट -डी यस्टरडे’, तिकडे ‘डेट -व्ही-१डी’. म्हणून आता प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर दोन गोष्टी लिहितो. कुठल्या सिस्टिमवर तपासलं आणि कधी. फोल्डर गिटमध्ये आहे, त्यामुळे कुठल्या फायलीला किती दिवस हात लागला नाही ते एका ओळीत कळतं. दिवाळीच्या सुट्टीत बसतो आणि जुनी काढतो.

मॅडम: काढतोस? खरंच?

तन्मय: काढतो. आता हे नेटस्टॅट काढू का तुमच्यासमोर?

मॅडम: काढ की.

तन्मयने फाइल उघडली, ओळीवर आला आणि थांबला. ‘एका क्लायंटच्या जुन्या सर्व्हरवर अजून हेच चालतं,’ म्हणाला. मग ओळ न काढता तिच्यासमोर त्या सर्व्हरचं नाव लिहिलं. मॅडमनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मला मात्र ही काटछाट योग्य वाटली. सगळीकडे चालणारी म्हणून ठेवलेली ओळ आता एका जागची झाली होती.

मॅडम: मी मुलांना एक नियम सांगते. कमांड एकदा लागली तर मॅन पान बघा. तीच तीच लागायला लागली तर टिपण लिहू नका, स्क्रिप्ट करा. बॅशआरसीत अलियास टाका, फंक्शन टाका, काहीही करा, पण हाताने परत टाइप करू नका. मग टिपणाला जागा राहिली कुठे?

तन्मय: मधे एक पट्टा राहतो ना. जे इतकं क्वचित लागतं की डोक्यात राहत नाही आणि दर वेळी इतकं वेगळं असतं की स्क्रिप्टच्या स्वाधीन करायला धजावत नाही.

मॅडम: उदाहरण दे.

तन्मय: रेडमधली एक डिस्क गेली, बदलायची आहे. दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात, त्यातली एक मेली. आधी ‘कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट’. चौकटी कंसात दोन ‘यू’ दिसायला हवेत, एकाच्या जागी खालची रेघ दिसली म्हणजे तिथली गेली. मग ‘एमडीएडीएम’ने ती फेल म्हणून जाहीर करायची, काढायची, मशीनमधून ओढायची, नवी घालायची. चांगल्या डिस्कवरची पार्टिशनची रचना नवीवर उतरवायची, नवी अॅरेत जोडायची, आणि परत एमडीस्टॅट बघत बसायचं.

मॅडम: स्क्रिप्ट का नाही?

तन्मय: दर वेळी मरणारी डिस्क वेगळी! आणि मशीन बंद करून चालू केलं की एसडीए, एसडीबी ही नावं अदलाबदल होऊ शकतात. पडद्यावर एसडीबी मेलीय, पण डब्यात दोन डिस्क एकसारख्या, त्यातली एसडीबी कुठली? लेबलवरचा सिरिअल नंबरच बघायला लागतो. माझ्या टिपणात ठळक लिहिलंय: ‘एलएसबीएलकेमधून सिरिअल घे, कागदावर उतरव, लेबलशी अक्षर न् अक्षर जुळव, मगच ओढ.’ चांगली ओढली तर संपलंच.

मॅडम: पार्टिशन उतरवताना?

तन्मय: ‘एसएफडिस्क -डी’ चांगल्या डिस्कवर, पाइप करून नव्या डिस्कवर. डावीकडे चांगली, उजवीकडे नवी. उलट झालं तर नवीची रिकामी रचना चांगलीवर बसायची. त्या ओळीच्या वर मी लिहिलंय: ‘मोठ्याने वाच. डावी चांगली.’

मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठल्या आणि लॅबच्या सर्व्हरचं कपाट उघडून दाखवलं. दाराच्या आतल्या बाजूला सेलोटेपने एक कागद चिकटवलेला. त्यावर त्यांच्या अक्षरात दोन्ही डिस्कचे सिरिअल नंबर, कुठली वरच्या खणात, कुठली खालच्या, आणि खाली जवळजवळ तन्मयच्याच पायऱ्या.

तन्मय: मॅडम! तुम्हीच?

मॅडम: याला मी टिपण म्हणत नाही.

तन्मय: मग काय म्हणता?

मॅडम: सर्व्हर बंद पडलाय आणि तुझं टिपण त्याच सर्व्हरवर आहे. कसं वाचशील? तुझी चीटची फाइल, तुझं गिट, सगळं चालू मशीनवर. बिघाडासाठी जे लिहायचं ते बिघडणाऱ्या वस्तूच्या बाहेर हवं. म्हणून कागद. सिरिअल बदलला की खोडून नवा लिहिते.

तन्मय: पण लिहिता. आणि एडिटही करता.

मॅडम: हो बाबा, करते. पण यात ‘एमडीएडीएम’चे ऑप्शन बघ. एकही नाही. ते मॅन पानात मिळतात. इथे फक्त क्रम आहे, नंबर आहेत, आणि कशाला घाबरायचं ते आहे.

वाद इथे संपला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो नुसता दुसऱ्या रस्त्याला लागला. तन्मयचं म्हणणं, ऑप्शनही हवेत. रात्री अडीचला मॅन पान शोधायचं त्राण नसतं. मॅडमचं म्हणणं, रात्री अडीचला ज्याला मॅन पान वाचवत नाही त्याने डिस्क काढू नये, सकाळपर्यंत थांबावं. एका डिस्कवर सर्व्हर चालतो, नकलेचा उपयोगच तो. मला इथे मॅडमचं पटलं.

मग त्यांनी तन्मयच्या टिपणाची परीक्षा घेतली. लॅब असिस्टंटला बोलावलं आणि डिस्कचं टिपण वाचायला दिलं. तो पहिल्याच ओळीला थांबला. ‘नेहमीच्या मशीनवरून लॉगिन कर’ असं लिहिलं होतं. त्याने विचारलं, ‘नेहमीच्या म्हणजे कुठल्या?’

मॅडम: बघ.

तन्मय: पण ते टिपण माझं आहे, मॅडम. सगळ्यांना कळेल असं लिहायला बसलो तर ते डॉक्युमेंटेशन होतं. मग त्यात प्रस्तावना येते, स्क्रीनशॉट येतात आणि कोणी त्याला हात लावत नाही. आमच्याकडे असं एक जाडजूड आहे, शेवटचा बदल करणारा माणूस केव्हाच कंपनी सोडून गेलाय. माझं टिपण आखूड आहे म्हणून मी ते बदलतो. चार ओळी बदलायला जीवावर येत नाही.

मॅडम: आणि तू रजेवर असलास तर?

तन्मय: तर डॉक्युमेंटेशन आहे ना, जाडजूड.

मॅडमना हे मान्य झालं नाही. मला वाटतं तन्मयचं बरोबर होतं. खासगी टिपणाचा आखूडपणा हाच त्याचा जीव आहे. दुसऱ्यांसाठी लिहायचं ते वेगळं लिहावं, वेगळ्या जागी. एकाच फायलीला दोन्ही कामांना जुंपलं की ती आधी फुगते आणि मग टाकून दिली जाते. पण डिस्कसारखी बाब मॅडमच्या कपाटातच शोभते, हेही खरं.

मी एआयचा विषय काढला. सगळं विचारता येतं, मग कशाला मॅन आणि कशाला टिपण? दोघंही एकदम माझ्यावर आले.

तन्मय: विचारतो की मी. रोज विचारतो. कमांड तयार मिळते. पण कुठल्या खणात कुठली डिस्क आहे ते त्याला मी सांगितल्याशिवाय कसं कळणार?

मॅडम: आणि मिळालेली ओळ चालवायच्या आधी वाचायची कशाने? मॅन पानानेच.

एवढ्यावर तो विषय मिटला. मग क्रॉनटॅब निघाला. ‘क्रॉनटॅब -ई’ने ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी उघडते, ‘-आर’ने ती अख्खी पुसली जाते, काही न विचारता. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी शेजारी.

तन्मय: म्हणून माझं टिपण, आधी ‘क्रॉनटॅब -एल’ करून यादी एका फायलीत उतरव, मग ‘-ई’.

मॅडम: मग ‘-ई’ हवंच कशाला? यादी फायलीतच ठेव, तिथेच बदल आणि ‘क्रॉनटॅब’पुढे त्या फायलीचं नाव दे. नवी यादी चढते. ‘-ई’ही नको, ‘-आर’ची भीतीही नको. हे टिपण पुसून टाक.

तन्मयने खरंच पुसलं. दुपारभरात पुसलेलं हे पहिलंच. मॅडम खूश झाल्या आणि आरसिंककडे वळल्या.

मॅडम: दाखव काय लिहिलंयस.

तन्मय: बॅकअपचं. पहिली ओळ कोरडी चाचणी: ‘आरसिंक -एव्हीएन --डिलीट फोटो/ बॅकअप/’. दुसरी तीच, फक्त ‘एन’ काढलेली. खाली इशारा: ‘फोटोपुढचा स्लॅश बघ. स्लॅश असेल तर फोटोतला माल थेट बॅकअपमध्ये. नसेल तर बॅकअपच्या आत फोटो नावाचा फोल्डर. स्लॅश आणि --डिलीट एकत्र असतील तर बॅकअपमधलं जे फोटोत नाही ते सगळं जातं, शेजारचे फोल्डरसुद्धा.’

मॅडम: इशारा चांगला आहे. पण तू काय करतोस ते सांगू? पहिली ओळ चिकटवतोस, पडद्यावरून यादी सरसर जाते, तू ती वाचत नाहीस आणि दुसरी ओळ चिकटवतोस.

तन्मय: वाचतो.

मॅडम: प्रत्येक वेळी?

तन्मय: ...बहुतेक वेळा.

मॅडम: मग दुसरी ओळ ठेवूच नकोस. चाचणीची तेवढी ठेव. खरी चालवायची असेल तेव्हा वरचा बाण दाबून मागची ओळ आण आणि ‘एन’ हाताने खोड. ते अक्षर शोधताना तरी नजर स्लॅशवर जाईल.

तन्मय: म्हणजे टिपणातली कमांड मुद्दाम अर्धीच ठेवायची?

मॅडम: अर्धी नाही. ही चिकटवली तर काहीही बिघडत नाही, एवढंच.

तन्मयने ‘चीट -ई आरसिंक’ केलं, दुसऱ्या ओळीवर गेला, दोनदा ‘डी’ दाबलं आणि सेव्ह करून बाहेर आला. मग परत उघडलं आणि वर तारीख बदलली.